घोड्याची पट्टी

शेवटच्या फेरीत निकिताला विजयच हवा होता. मोनिका अर्ध्या गुणाने पुढे होती. डाव बरोबरीत सुटला तरी महिलांच्या राज्य जलद बुद्धिबळ स्पर्धेला जिल्ह्यातून मोनिकाच जाणार होती. म्हणूनच तिने विचारलं, "बरोबरी?"

निकिताने मानेनेच नकार दिला.

तिच्याकडे एक हत्ती होता आणि शेवटच्या घराच्या अलीकडे पोचलेलं एक प्यादं. मोनिकाकडे वजीर आणि एक पुढे गेलेलं प्यादं. निकिताचं प्यादं अडवायला मोनिकाचा राजाही जवळ आला होता. घड्याळात दोघींकडे फार वेळ उरला नव्हता.

मोनिकाने वजीर सरकवला. जागा चोख होती. तिथून प्यादंही मारता येत होतं आणि पुढच्या खेळीला मातही होती. घड्याळ दाबून तिने बाजूच्या मोहऱ्यांतला पांढरा वजीर उचलला आणि निकितासमोर ठेवला. करायचा तर कर वजीर, मात माझीच.

निकिताने त्याला हात लावला नाही. प्यादं शेवटच्या घरात नेऊन तिने तिथे घोडा ठेवला. राजाला शह बसला, आणि वजीरही त्याच घोड्याच्या माऱ्यात आला.

राजा हलला. घोड्याने वजीर मारला, राजाने घोडा मारला. मोनिकाचं पुढे गेलेलं प्यादं हत्तीने टिपलं, आणि मोकळ्या पटावर राजांखेरीज निकिताचा हत्ती तेवढा उरला. आणखी काही खेळ्यांनी मोनिकाने हात पुढे केला.

"एवढ्या घाईत घोडा सुचला कसा गं?"

"सुचावा लागला नाही. राजूरला काकांच्या दुकानात आम्ही देशी नियमांनी खेळतो. प्यादं ज्या उभ्या पट्टीतून शेवटाला जाईल, त्या पट्टीत सुरुवातीला असलेलंच मोहरं मिळतं. ही पट्टी घोड्याची. मला आधी घोडाच दिसतो, वजीर मागून आठवतो."

"आणि उंटाच्या पट्टीत असतं तर?"

"तर मघाशी बरोबरी घेतली असती."

मोनिका हसली. "म्हणजे मीच चुकीच्या पट्टीशी भांडले."

हनुमंतकाका हॉलच्या दाराशी उभे होते. "लई वेळ लावला," ते म्हणाले. "जिंकली का न्हाई?"

"जिंकले, काका."

"मंग राज्याला कवा जायचं?"

"पुढच्या महिन्यात."

"बरं. दुकान बंद ठेवू," काका म्हणाले आणि चपला शोधायला वळले.