कचरा नाही

आत्याचं मलम चाचणीतून बाद झालं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. चाचणी गुरुवारी आहे, आज बुधवार आहे, आणि आत्याच्या मते बुधवारी कोणी बाद होत नसतं.

मलम बटाट्याच्या सालींचं. भाजलेल्या जखमेवरची पट्टी चिकटून बसते, काढताना माणूस किंचाळतो. आत्याचं मलम लावलं तर पट्टी अलगद सुटेल, एवढंच तिला सिद्ध करायचंय. तीन वर्षं ती यामागे आहे. मी सहा महिने प्रयोगशाळेत तिच्यामागे. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी अखेर गुरुवारी चारची वेळ दिली. नमुना आला नाही तर जागा दुसऱ्याला.

साली कँटीनमधून आणायच्या आणि सहा दिवस पिंपात सुकवायच्या. पिंपावर चिठ्ठी हवी, हा प्रयोगशाळेचा नियम.

"'कच्चा माल' लिही," आत्या म्हणाली.

"माल म्हटलं की खरेदीची पावती लागते," भांडारवाले काका म्हणाले.

"अहो, साली फुकट आणल्यात!"

"फुकट म्हणजे कचरा. तसं लिहा."

तसं लिहिलं. त्याच दिवशी पाच वाजता पिंप रिकामं झालं, कारण कचरा पाचनंतर ठेवता येत नाही. तेव्हा नव्या साली भरून मी डोकं चालवलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'कचरा नाही'. पाच दिवस कोणी पिंप रिकामं केलं नाही. मी स्वतःवर खूश.

काल संध्याकाळी झाकण उघडलं. सालींवर पेन्सिलींचा भुसा, उष्टे कप, केसांचा गुंता आणि एक मोजा.

"मीच टाकलं," सफाईवाल्या मावशी म्हणाल्या. "लिहिलं होतं ना, कचरा नाही. म्हटलं, एवढं मोठं पिंप आणि रिकामं!"

"अहो मावशी, म्हणजे आत आहे तो कचरा नाही!"

"मग काय आहे?"

"बटाट्याच्या साली."

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच शंका आली.

"निवडून घेऊ का?" मी आत्याला विचारलं.

"भाजलेल्या माणसाला मोज्याचा अर्क लावू? शहाण्या, चिठ्ठी तुझी, आता मुदतवाढीचा अर्जही तूच लिही. आणि एकच अर्थ निघू दे!"

डॉक्टरीणबाई फोनवर फक्त "गुरुवार म्हणजे गुरुवार" म्हणाल्या होत्या. त्यामुळे अर्ज असा:

'मा. महोदया, साली सुकण्यास सहा दिवस लागतात व गुरुवार उद्याच येत असल्याचे समजते. तरी सदर गुरुवार सहा दिवस पुढे ढकलण्यात यावा. तोपर्यंत सर्व विभागांनी बुधवारच चालू ठेवावा, ही नम्र विनंती.'