उकंडरावांचा डाळिंबी

धाड गावातल्या आमच्या छापखान्यात शाईचे डबे दोनच. एक काळा, एक लाल. उकंडराव मात्र पुतणीच्या लग्नपत्रिकेसाठी चार रंग लिहून घेऊन आले. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती, त्यांना वाटलं असेल, नव्या राज्यात रंगही नवे निघाले.

"श्रीगणेश शेंदरी पायजे. कुलदैवत गुलाली. माह्यं नाव डाळिंबी. बाकी काळं."

"बरं," मी म्हटलं. मी निवृत्ती, इथला छपाईचे खिळे जुळवणारा. शेंदरी म्हणा, गुलाली म्हणा की डाळिंबी, सगळे त्या एकाच लाल डब्यातून निघतात. गिऱ्हाइकाला नावाचंच सुख.

आमची रीत साधी. रंग जिथून हवा तिथे समासात त्याचं नाव लिहायचं, संपेल तिथे 'बंद' लिहायचं. बंद लिहिलं नाही तर सरीतलं पाणी वळवायचं राहावं तसा तो खाली चालूच राहतो. हे मी समजावू लागलो तर उकंडराव भडकले.

"तू काऊन शिकवून राह्यला बे मले? कागदावर हाय तसंच लाव. आपलं डोकं चालवू नको!"

डोकं बाजूला ठेवायचा इतका स्वच्छ हुकूम मला आजवर कोणी दिला नव्हता.

ते गेल्यावर कागद वाचला. गणपतीपुढे शेंदरी, मग बंद. कुलदैवतापुढे गुलाली, मग बंद. स्वतःच्या नावापुढे डाळिंबी, खाली दोन रेघा, आणि बंद कुठेच नाही! आपल्या नावानंतरही पत्रिका उरते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नसावं. खाली काका, मामा, आणि अगदी तळाला कोपऱ्यात 'वधूची आई झुंबरबाई'.

झुंबरबाई म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची विधवा. अकरा वर्षं एकटीनं शेत करून तिनं नवरीला, कोकिळेला, वाढवलं. उकंडरावांनीही हातभार लावला, सल्ल्यांचा. आमच्याकडे विधवेचं नाव पत्रिकेत घालत नाहीत, लाल रंगात तर नाहीच नाही. पण आईच्या नावाशिवाय बोहल्यावर चढणार नाही, असं कोकिळेनं सांगितलं, म्हणून एवढा कोपरा मिळाला.

निरोप धाडून विचारता आलं असतं. नाही विचारलं. कागदावर होतं तसंच लावलं, डाळिंबी पार तळापर्यंत. राग आला होता मला. तपासायचा नमुना आम्ही काळ्या शाईतच काढतो. उकंडरावांनी त्यात आपलं नाव तेवढं पाहिलं आणि सही ठोकली.

बाजाराच्या दिवशी गठ्ठा उचलायला झुंबरबाईच आली. ओझं तिचं, मान त्यांचा, ही त्या घरची वाटणी. तिनं अक्षर लावत लावत वाचलं आणि आपल्या लाल नावावर बोट ठेवलं. आता ही आपले उपकार मानणार म्हणून मी छाती फुगवून उभा.

ती मटकन खाली बसली. "भाऊ, हे काय केलं? लोक माह्या तोंडावर थुंकतीन. तुमचं काय, तुमी हात धुऊन मोकळे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी जिरवाजिरवी चालली होती आणि भोगायचं हिला! "काळ्यात परत छापतो," मी म्हटलं. "माझ्या पैशानं."

तिनं बोट पुन्हा त्या लाल नावावर नेलं. "ते गेले तवा कुंकू पुसलं," ती म्हणाली. "नाव कोनी पुसलं होतं?" मग उठली. "राहू द्या."

गठ्ठा डोक्यावर घेऊन ती बाजारात शिरली. मीही मागून गेलो. तासाभरात उकंडराव पत्रिका नाचवत आले. कोणीतरी त्यांना त्यांच्याच घरचं आमंत्रण दिलं होतं.

"वापस घे साऱ्या! रांडमुंड बाईचं नाव लाल?"

सगळा बाजार थांबला. नवऱ्याच्या या थोरल्या भावासमोर झुंबरबाईनं आजवर तोंड उघडलं नव्हतं. तिनं पदर सारखा केला आणि समोरच्या भाजीवालीला पत्रिका दिली.

"लगनाले या बाई. मी नवरीची माय हाय."

गठ्ठा हिसकायला उकंडरावांनी हात पुढे केला. तिनं त्या हातावर एक पत्रिका ठेवली.

"तुमीबी या, दादा."