नाडी आवळेपर्यंत

आम्ही अंबरनाथ पूर्वेला चौथ्या मजल्यावर राहायला आलो त्याला दोन वर्षं झाली, तरी आईची पुराची भीती काही खाली उतरलेली नाही. मांजर्लीच्या जुन्या बिल्डिंगच्या ग्रुपवर "नदी वाढतेय" असा मेसेज पडला की ती स्टूलवर चढते आणि हाताला लागेल ते माळ्यावर टाकते. तांदळाचा डबा, मिक्सर, माझे शाळेचे बूटसुद्धा! तिथे आम्ही तळमजल्यावर होतो ना, त्यामुळे सवय हाडात मुरलीय.

एरवी मला हसू येतं. पण त्या शनिवारी मी क्लासवरून आले आणि टेबलावरचा काचेचा वाडगा गायब.

"आई! माझी अंडी?"

"वर ठेवलीत," आई फोडणी देत म्हणाली. "मांजर्लीत पाणी शिरलंय, सई. शलाकाकडे जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलंय."

"अगं, पण आपण चौथ्या मजल्यावर आहोत!"

"असू दे. वर असलेलं बरं."

अंडी झेब्रा माशांची. मोहरीच्या दाण्याएवढी, काचेसारखी आरपार. मासे मूळचे माझे आणि शलाकाचे. ती त्याच बिल्डिंगमध्ये आमच्या शेजारी, तळमजल्यावरच राहते. तिच्या बाबांचा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सचा छोटा कारखाना आहे. सुट्टीत आम्ही तिथे कापडाच्या गठ्ठ्यांवर लोळत पडायचो, अंगाला निळा रंग लागायचा आणि दोघींच्या आया ओरडायच्या. मासे तिथल्याच एका दुकानातून आणले होते, चॉकलेटच्या रिकाम्या बरणीतून. शेअर रिक्षात बरणी मांडीवर घेऊन बसलेली शलाका मला अजून दिसते. प्रत्येक खड्ड्याला ती ड्रायव्हरला "भैया, आराम से!" असं दटावत होती.

सातवीत शशिकांत सरांनी वर्गात एक व्हिडिओ दाखवला होता. माशाचं पिल्लू सुरुवातीला बलकाच्या गोळ्यावर बसलेली पेशींची टोपी असते, बास. मग ती टोपी खाली सरकत जाते, पार तळापर्यंत. तिच्या कडेला एक कडं असतं, ते पिशवीच्या नाडीसारखं आवळत येतं आणि तोंड बंद करतं. नाही आवळलं तर बलक बाहेर, खेळ खलास. पेशी एकमेकींना ओढतात, ढकलतात, रेटतात आणि त्या ओढाताणीतून पाठ होते, पोट होतं, शेपूट होतं. मला तर अंगावर काटाच आला! तोवर आम्हाला वाटायचं, विज्ञानाच्या पुस्तकातलं बल म्हणजे गाडीला मारायचा धक्का.

"ही तर आमच्याकडची इलास्टिकची कंबर," शलाका वर्गात मोठ्यानं बोलली होती. "ताणून शिवायचं, सोडलं की कापड आपोआप गोळा!"

तेव्हाच ठरलं, हे दोघींनी मिळून खरंखुरं बघायचं. अंडी मिळालीही, पण नेमका त्याच दिवशी पूर आला. बरणी माळ्यावर गेली म्हणून मासे वाचले. अंड्यांची वाटी मात्र ओट्यावरून वाहून गेली. पुढे आम्ही घर सोडलं तेव्हा शलाकानं बरणी माझ्या हातात कोंबली. "घेऊन जा. तुझ्याकडे पाणी नाही येणार."

आणि आज पहाटे पुन्हा अंडी! संध्याकाळी ती येणार होती.

मी वाडगा खाली काढला. माळा गॅसच्या बरोब्बर वर, त्यामुळे पाणी कोमट झालेलं. काही अंडी पांढरी पडून मेली होती. मोबाईलला लेन्सची क्लिप लावून बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. जिवंत अंड्यांत टोपी अर्ध्याच्याही खाली आली होती. उबेनं सगळं पळत सुटलं होतं.

शलाकाला फोन लावला आणि अंडी किती पुढे गेलीत ते सांगितलं. मागे नुसता गोंगाट.

"बोट आलीय अगं! आम्ही निघतोय. सये, थांबव ना त्यांना!"

"कसं थांबवू? रिक्षा आहे का ती?"

"तू हुशार ना? मग कर काहीतरी!" फोन कट.

उबेनं पळतात, तर गारव्यानं रेंगाळतील! घरात सगळ्यात गार जागा म्हणजे बाल्कनीच्या दाराजवळची फरशी. मी वाडगा घेऊन निघाले, तर आई आडवी.

"जमिनीवर? आजच्या दिवशी?"

"आई, इथे पाणी नाही येणार."

"तुला काय माहीत! मागच्या वेळी मी ती वाटी ओट्यावर ठेवली. म्हटलं, एवढ्या वर कुठलं येतंय. दोन दिवस रडत होतीस तू."

ते तिच्या लक्षात असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"आई, वर ठेवलं तर आत्ता संपेल. शलाकाला दिसणार नाही."

ती बाल्कनीतून खाली बघून आली, गेटपर्यंतचं दिसावं म्हणून पार वाकून. मग माझ्या हातातून वाडगा घेतला, गुडघे टेकले आणि स्वतःच फरशीवर ठेवला. नुसता ठेवला नाही, कुणाचा पाय लागू नये म्हणून बाजूला मांडी घालून बसली. मी दर थोड्या वेळानं लेन्समधून बघायची आणि ती विचारायची, "आवळली का गं नाडी?"

"नाही अजून."

"सावकाश, बाबांनो," ती अंड्यांना म्हणाली.

शलाका आली तेव्हा दिवे लागले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांतून पाणी, अंगाला आमच्या मांजर्लीच्या नदीचा वास. तो वास मला इतका आवडेल असं वाटलं नव्हतं. तिचे आईबाबा खाली रिक्षातून सामान उतरवत होते. ती चपला उडवून थेट फरशीवर पालथी पडली.

"संपलं?"

"बघ."

स्क्रीनवर गोळ्याच्या तळाशी सुईच्या टोचेएवढं भोक उरलं होतं. आम्ही डोक्याला डोकं लावून बघत राहिलो. ते बारीक होत गेलं, एवढं हळू की सरकतंय हे कळतच नव्हतं. आणि मग ते नव्हतंच.

"शिवलं," शलाका म्हणाली. मग तिनं गाल फरशीला टेकवला. "घरात सगळा चिखल आहे गं, सयू."

"माहितेय."

"माझी उशीपण गेली."

मी तिचा हात धरला. गारठला होता.

"शलाका, ऊठ, आधी कपडे बदल," आई म्हणाली.

"काकू, एक मिनिट. सयू, ते कडेचं बघ, त्याचं अजून उघडं आहे!"

आम्ही पुन्हा वाकलो. आई टॉवेल घेऊन आली आणि तिथेच फरशीवर बसून शलाकाचे केस पुसायला लागली.