पहिला शब्द कुणाचा

"वाचणाऱ्यांना बसाय जागा न्हाई, आन् ज्यांना वाचायचं न्हाई त्यांना खुर्ची पायजे," अंबाजी खुर्ची ओढत पुटपुटला. पुटपुटला तो हुस्नबानोच्या कानाशीच, कारण खुर्ची तिच्यासाठीच होती.

हुस्नबानोने ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. कामशेतच्या बाजारात बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्याची बायको ती. कुरकुर ऐकत ऐकत समोरच्या हातात बांगडी कशी सरकवायची, हे तिला वीस वर्षांत चांगलं जमलं होतं.

अंबाजी पुण्याच्या त्या कॉलेजातल्या ग्रंथालयाचा शिपाई. मूळचा आंबीचा, म्हणजे मावळचाच. त्यामुळे मावळच्या माणसांवर डाफरायचा हक्क आपल्याला जरा जास्त आहे, अशी त्याची समजूत होती. त्याने दाराजवळची वही उघडली.

"नाव झालं. इषय काय लिवू?"

"विषय कसला?"

"हितं बसनाऱ्याचा इषय लिवावा लागतो. इतिहास, गणित, जे आसंल ते."

हुस्नबानोने खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट केलं. तिथे निळ्या पातळातली एक पोरगी एका जाडजूड ग्रंथावर एवढी वाकली होती की तिच्या वेणीचं टोक पानावर लोळत होतं. "ती माझा विषय."

अंबाजीने जरा विचार केला आणि लिहिलं : सोबत.

ती पोरगी मेहरुन, हुस्नबानोची एकुलती एक लेक. साल एकोणीसशे एक्केचाळीस, माघाचे दिवस. मेहरुन कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि रोज कामशेतहून गाडीने जाऊन येऊन करत होती. रोजच्या सोबतीला स्टेशनमास्तरांची मुलगी असे. पण शनिवारी ती दुपारीच परते आणि मेहरुनला मात्र संध्याकाळपर्यंत ग्रंथालयात बसायचं असे. म्हणून राजमहंमदने, म्हणजे तिच्या बापाने, तोडगा काढला होता : शनिवारी आई बरोबर जाईल. दुकान तो एकटा बघेल. बायकांच्या हातात बांगड्या भरायला शेजारची रतनबाई येईल.

एवढं बसण्यासारखं होतं काय तिथे? तर समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी तिला एक निबंध नेमून दिला होता. एकोणीसशे तीस साली बालविवाहाचा कायदा लागू झाला. तो लागू व्हायच्या आधी, आता पुढे लग्नं करता येणार नाहीत या धास्तीने, लोकांनी लहान लहान पोरांची लग्नं उरकून घेतली. मावळात काय झालं, ते खानेसुमारीच्या, म्हणजे जनगणनेच्या, आकड्यांवरून आणि घरोघर विचारून लिहायचं. खानेसुमारीचे ते ग्रंथ विटेएवढे जाड. घरी न्यायला बंदी. म्हणून शनिवार.

त्या आकड्यांत एक आकडा मेहरुनचा स्वतःचा होता, हे प्राध्यापकांना ठाऊक नव्हतं.

हुस्नबानोला ते साल आठवलं की अजून कानात ताशे वाजायचे. रमजानची ईद उलटली होती, चैत्र तोंडावर आला होता. कामशेतात मांडवाची एकच कनात होती; ती सकाळी वाण्याकडे, दुपारी माळ्याकडे, संध्याकाळी हुस्नबानोच्या दारी. भटजी एका घरातून दुसऱ्या घरात पळत होते आणि काझीसाहेबही काही मागे नव्हते. मेहरुन तेव्हा साडेसहा वर्षांची. निकाहाच्या वेळी ती आईच्या खांद्यावर गाढ झोपली होती. बापाने कबूल म्हटलं. जागी झाल्यावर तिने फक्त बत्तासे मागितले. नवरामुलगा मेहबूब, लोणावळ्याच्या वाहिदभाईंचा, नऊ वर्षांचा. नवे बूट चावले म्हणून तो भोकाड पसरून रडत होता. दोघांचे बाप जिवलग दोस्त. सगळं कसं छान वाटलं होतं. पोरगी मोठी झाली की धाडू, असं ठरलं आणि मेहरुन शाळेत गेली.

मग ती शिकतच गेली. कुणी थांबवलं नाही, कारण कुणाला वेळ नव्हता. चार वर्षांपूर्वी वाहिदभाई वारले. मेहबूब लोणावळ्याच्या इंजिनाच्या शेडमध्ये लागला. दर ईदेला लोणावळ्याहून खजूर येई, इकडून बांगड्या जात, आणि दोन्ही घरांत त्या निकाहाचं नाव कुणी काढत नसे. झाकलेल्या भांड्यात काय आहे हे ठाऊक असलं की माणसं झाकण उचलत नाहीत, तसं.

आता मात्र राजमहंमदनेच झाकणाला हात घातला होता. "परीक्षा झाली की धाडायची पोरीला. वाहिदला मी शब्द दिलाय. मेलेल्या दोस्ताला दिलेला शब्द हाय." हे बोलताना तो गल्ल्याच्या काचा पुसत होता आणि बायकोकडे बघत नव्हता. मेहरुन आतून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने भाकरी थापताना दोन जाळल्या, एवढंच.

तिसऱ्या शनिवारी मेहरुनने आईच्या पुढ्यात एक जुनी बांधीव फाईल ठेवली. मराठी साप्ताहिकाचे अंक होते. "आई, नुसती बसतेस. हे वाच."

हुस्नबानो शाळेत गेली नव्हती. बांगड्या ज्या रद्दीत गुंडाळायच्या, त्या रद्दीवर ती वाचायला शिकली होती. त्यामुळे तिचं वाचन अर्धवट बातम्यांचं. खून झाला हे कळायचं, कुणाचा ते दुसऱ्या गिऱ्हाइकाबरोबर गेलेलं असायचं. अख्खं पान वाचायला मिळणं ही तिला चैन वाटली. दोन शनिवार ती जाहिरातींसकट सगळं वाचत राहिली. मग एका पानात तिला एक दोरा सापडला. निळा, सुती. मेहरुनच्या पातळाच्या काठाचा.

त्या पानावर दोन वर्षांपूर्वी झालेल्या एका कायद्याची हकीकत होती. मुसलमान बायकांसाठी. बोट ठेवून ठेवून तिने वाचलं : बापाने पंधरा वर्षांच्या आत निकाह लावून दिलेली मुलगी जर नांदायला गेली नसेल, तर अठरा पुरी होण्याआधी तिला तो निकाह नाकारता येतो, आणि मग कोर्टाकडून तो रद्द करून घेता येतो.

मेहरुनला अठरा पुरी व्हायची होती श्रावणात.

हुस्नबानोने मान वर केली. खिडकीजवळ मेहरुन मान खाली घालून आकडे उतरवत होती, जरा जास्तच मन लावून. आईने दोरा उचलला, बोटाला गुंडाळला, पुन्हा पानात ठेवला. आपल्याला सापडला, हे तिने पोरीला सांगितलं नाही. पोरीनेही विचारलं नाही. दोघी संध्याकाळच्या गाडीने शेंगा खात परत आल्या.

रविवारी दोघी गावं फिरायच्या. बेडसे गावची झुंबरबाई गोठ्यात शेण काढता काढता बोलली. तिची लेक त्याच सालात कान्हे गावच्या रखमाजीच्या घरात दिलेली.

"पहिला शब्द कुणी टाकला, मावशी?" मेहरुनने वही उघडली. हा प्रश्न तिने स्वतःच्या मनाने घातला होता. प्राध्यापकांच्या यादीत तो नव्हता.

"त्येंनीच की! आमी कुटं मागाय गेलतो? पाळण्यातली पोर माजी."

पुढच्या रविवारी कान्ह्यात रखमाजी अंगणात बसून दावं वळत होता. "आमी न्हाई बा. बेडशाकडनंच निरोप आलता. न्हाई म्हनायचं तर त्येंना वाईट वाटंल, म्हनून व्हय म्हनलं."

वाटेत हुस्नबानो पोट धरून हसली. मेहरुन हसली नाही. ती वहीत बघत होती.

शेवटच्या शनिवारी ग्रंथालयात तिने आईला वही दाखवली. एकवीस लग्नं. दर लग्नाच्या दोन बाजू, दोन्ही बाजूंना विचारलेलं. "पहिला शब्द" या रकान्यात प्रत्येक ओळीत एकच उत्तर : त्यांनी.

"बघ ना, आई. एकवीस लग्नं झाली आणि पहिला शब्द कुणीच टाकला नाही. कुणीतरी बाजारात म्हणालं, आता लग्नं बंद होणार. मग प्रत्येकाला वाटलं, समोरच्याला घाई आहे."

हुस्नबानो त्या रकान्याकडे बघत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "आपलं घर का न्हाई ह्यात?"

मेहरुनने टाकाचं टोक पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं. "ते तू विचार," ती म्हणाली.

निघताना अंबाजीने वही पुढे केली. हुस्नबानोने त्याच्या हातातला टाक घेतला आणि "सोबत" वर रेघ मारून, वळणदार नसलेल्या अक्षरात, बाजूला लिहिलं : समाजशास्त्र. अंबाजीने वही डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. "बरं," तो म्हणाला. "पुडच्या खेपंला मऊ खुर्ची ठिवतो."

फाल्गुनात राजमहंमद तारीख ठरवायला लोणावळ्याला निघाला. हुस्नबानो बरोबर. पोरीने जायची रीत नाही, म्हणून मेहरुन घरीच राहिली. पण तिची वही आईच्या पिशवीत होती, बांगड्यांच्या पुड्याखाली.

ताजुन्निसा, म्हणजे मेहबूबची आई, दारातच उभी होती. घर नुकतंच सारवलेलं. चहा झाला, बिस्किटं झाली. थंडी कमी झाली, हे दोन्ही बाजूंनी दोनदा एकमेकांना सांगितलं. राजमहंमदने घसा साफ केला. "तर विहीणबाई, परीक्षा चैत्रात संपतीय..."

"व्हय, व्हय," ताजुन्निसा म्हणाली. चहात साखर घालायची विसरल्यासारखा तिचा चेहरा झाला. "तुमी म्हनाल तसं."

"न्हाई, तुमी म्हनाल तसं."

हुस्नबानोने पिशवीतून वही काढली. "थांबा. मेहरुनच्या कॉलेजचं एक काम हाय. एकवीस घरं झाली, हे एक राहिलंय."

"आत्ता?" राजमहंमद म्हणाला.

"आत्ताच." तिने वही मांडीवर ठेवली. पान दाबून धरलं. "लग्नाचं साल एकोणीसशे तीस. मुलीचं वय साडेसहा, मुलाचं नऊ. पहिला शब्द कुणी टाकला?"

"वाहिदनं," राजमहंमद म्हणाला.

"तुमी," ताजुन्निसा त्याच दमात म्हणाली.

बाहेर शेडचा भोंगा झाला आणि बराच वेळ वाजत राहिला.

"मी?" राजमहंमद म्हणाला. "मी कवा? कामशेतच्या फलाटावर आमी गाडीची वाट बघत उभे होतो. वाहिद म्हनाला, सगळीच करत्यात म्हनं लग्नं. मी म्हनलं, व्हय, करत्यात खरी. मला वाटलं, त्याला पायजे हाय."

"ते घरी आले," ताजुन्निसा सावकाश म्हणाली, "आन् मला म्हनाले, राजमहंमदला पायजे हाय. आपलं पोरगं लहान हाय, पर दोस्ताला न्हाई कसं म्हनू? रात सारी झोपले न्हाईत." तिने पदराने तोंड पुसलं आणि एकाएकी हसायला लागली. हसता हसता डोळे गळायला लागले. "अल्ला! अकरा वर्षं दर ईदेला मी खजूर निवडते आन् मनात म्हनते, माज्या पोराला सवताची पसंती करू द्यायला पायजे होती."

आतल्या दारात मेहबूब उभा होता. शेडमधून आलेला, हातांना तेल. वीस वर्षांचा रुंद खांद्याचा पोरगा. पण या घडीला त्याचा चेहरा बूट चावलेल्या त्या नवऱ्यामुलासारखा झाला होता. फक्त आता बूट कुणीतरी काढत होतं.

"मेहरुन शिकतीय म्हणे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "शिकू द्या त्यांना."

एवढं झालं, तरी ते वाक्य काही कुणी बोलेना. ताजुन्निसाने पुन्हा चहा ठेवला. राजमहंमद काढलेल्या टोपीच्या शिवणीकडे बघत बसला.

"एक कायदा हाय," हुस्नबानो म्हणाली. "मी सवता वाचलाय, बोट ठिवून. पोरीला अठरा पुरी व्हायच्या आत तिनं न्हाई म्हनलं, तर कोर्टात अर्ज करता येतो. कुणाला दोष लागत न्हाई, कुणी कुणाला टाकलं असं हुईत न्हाई. श्रावणापतूर मुदत हाय."

"तुला कुटं सापडलं हे?" राजमहंमदने विचारलं.

"तुमीच धाडत होता की दर शनिवारी."

तो तिच्याकडे बघत राहिला. गल्ल्याच्या काचा पुसताना जे बघायचं टाळलं होतं, ते सगळं त्याने आता सावकाश बघून घेतलं. मग टोपी डोक्यावर ठेवली, ताजुन्निसाकडे वळला आणि अकरा वर्षांचा श्वास सोडल्यासारखं म्हणाला,

"विहीणबाई, माझी पोरगी मला द्यायची नव्हती. तवाबी नव्हती, आन् आताबी न्हाई. हा निकाह आपन मोडू या."