तिची उडी मी झेलली

साहेब, तुमची पाटी खोटी आहे. सिनेमाच्या संग्रहालयात तिच्या फोटोखाली तुम्ही लिहिलंय, ‘गच्चीवरची ही उडी नायिकेऐवजी पुरुष स्टंटमनने मारली.’ त्याच फोटोखाली मला ठेवलंय. निदान मला तरी विचारायचं!

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. मारामारीच्या चित्रपटांत उंचावरून पडणाऱ्यांना झेलायचं, हे माझं काम. जाड कापडाची खोळ, आत स्पंजचे तुकडे. शिवणारा कारागीर म्हणाला होता, "मार खायलाच जन्मलीस पोरी, फाटू नकोस म्हणजे झालं." नाही फाटले.

त्या काळी नायिकेने एक लाथ मारायची आणि खुर्चीत जाऊन बसायचं. उरलेली मारामारी केसांचा टोप घातलेला पुरुष करी. ही फोटोतली नायिका मात्र खुर्चीत टिकेना. सगळ्यांच्या आधी येऊन माझ्यावर पन्नासदा पडायची.

"मास्तर, उडी मीच मारणार."

"नाक मोडलं तर?" फाइटमास्तर म्हणाले.

"नाकाने मारायची आहे का उडी?"

सगळे हसले. मास्तरही. पण त्यांनी मला नेहमीच्या खडूच्या खुणेवर अंथरलं, टोपवाल्याच्या उडीच्या मापाने. ती त्याच्यापेक्षा हातभर लांब जाते, हे कोणी मोजलंच नव्हतं. तिचं धड माझ्या काठावर आलं, हात फरशीवर. मनगट मोडलं.

टोपवाला धावला. "ताई, राहू द्या, मी मारतो."

"दादा, टोप काढ. मास्तर, गादी पुढे घ्या."

मास्तरांनी स्वतः मला ओढलं. मोडक्या हाताने तिने दुसरी उडी मारली. पडद्यावर तीच दिसते. पुढे दहा वर्षं चित्रपट तिच्या लाथेवर चालले. मग तिला म्हणाले, आता आईच्या भूमिका करा. मला अडगळीत टाकलं; तिथून तुम्ही मला इथे आणलंत.

परवा ती नातीला घेऊन आली. नातीने पाटी वाचली. "आजी, तू नाही मारलीस उडी?"

ती तडक तुमच्या टेबलाशी गेली. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पुरावा आणा, बाई."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सांगून मी इथे गप्प बसावं, अशी रीत आहे. नाही बसणार. मला झटकू नका, ऊन दाखवू नका, चालेल.

साहेब, तिच्याकडे पुरावा मागितलात. त्या पुरुषाच्या नावावर उडी लिहिताना कोणाकडे मागितला होतात? बोला.