सोन्याचा सिंह असलेली रायफल

शुवाई न्यामुंगाचं जगात बहुतेकांशी बरं होतं. तिला सहन होत नसे तो फक्त धाकट्या बहिणीचा नवरा. ब्रायटननं हरारेत टायर विकून बक्कळ पैसा केला होता. त्या पैशातून त्यानं दांडेच्या रानातल्या शिकार-छावणीत भागीदारी घेतली, आणि भागीदारीबरोबर आपल्याला नेमही मिळाला अशी त्याची समजूत झाली. आता त्याला रानरेडा मारायचा होता. तोही स्वतःच्या हातानं, स्वतःच्या रायफलनं.

अशा शिकारीला शेजारी परवानाधारक शिकारी लागतो. छावणीत परवाना होता तो एकट्या शुवाईकडे.

"ताई, तू नाही गेलीस तर तो दुसऱ्या कुणालातरी धरून जाईल," बहीण येउकाई म्हणाली.

"नवरा निवडताना मला विचारलं नाहीस. त्याची बंदूक तरी मला निवडू दे."

म्हणून ती त्याच्याबरोबर हरारेत म्हाताऱ्या स्टाव्रोसच्या दुकानात गेली. स्टाव्रोसनं टेबलावर दोन रायफली ठेवल्या. दोन्ही बोल्टच्याच, म्हणजे दर बाराला हातानं खटका मागं-पुढं करून काडतूस भरायच्या. पहिलीच्या नळीचा निळा रंग जागोजागी उडालेला, दस्त्यावर काट्यांचे ओरखडे. दुसरीला अक्रोडाचा लखलखीत दस्ता, आणि बाजूला सोन्याच्या तारेत कोरलेला सिंह. ब्रायटनचा हात सरळ सिंहावर गेला.

"बघा ताई, बोल्ट कसा लोण्यासारखा सरकतो!"

"लोणी पोळीवर बरं, जावईबापू. सरका जरा."

शुवाईनं दोन्ही रायफलींत सरावाची, बिनदारूची काडतुसं भरली. आधी जुनीचा बोल्ट तिनं मुद्दाम रेंगाळत पुढं नेला आणि अर्ध्यातूनच मागं ओढला. बोल्टच्या कडेला बोटाएवढा रुंद पोलादी आकडा होता. त्यानं काडतुसाची कड खालच्या काडतुसांच्या पेटीतून वर येतानाच धरली होती. बोल्ट मागं आला तसं काडतूसही त्याच्याबरोबर मागं आलं आणि टेबलावर पडलं. तिनं रायफल उलटी धरून तेच केलं. पुन्हा तेच झालं. मग तिनं सिंहवाली घेतली. बोल्ट तसाच अर्धवट पुढं, मग मागं. काडतूस नळीतच राहिलं. तिनं बोल्ट पुन्हा पुढं नेला, तर दुसरं काडतूस पहिल्याच्या बुडावर जाऊन आपटलं आणि सगळं अडकून बसलं.

"बघितलंत? ही काडतुसाला नुसती ढकलते, धरून ठेवत नाही. घाबरलेला माणूस बोल्ट असाच अर्धवट ढकलून मागं ओढतो."

"घाबरलेला माणूस," ब्रायटन हसला. "मी घाबरेन होय?"

"नाही, तुम्ही कशाला घाबराल. रेडाच घाबरेल. सिंह बघून."

स्टाव्रोस खोकल्यानं हसू झाकत म्हणाला, "साहेब, बाई सांगतात ते ऐका. ही जुनी तीनशे पंचाहत्तरच्या काडतुसाची आहे. खांद्याला झेपेल. ती दुसरी फार मोठ्या काडतुसाची, धक्का फार बसतो."

"म्हणजे ताकद जास्त!" ब्रायटनला तेवढंच ऐकू आलं. "आणि ही जुनी घेऊन मी छावणीत गेलो तर लोक काय म्हणतील? पैसे संपले म्हणतील."

"लोक फोटो बघतात. रेडा फोटो बघत नाही."

तो ऐकता तर तो ब्रायटन कसला. सोन्याच्या सिंहाच्या रायफलीचा खोका त्यानं स्वतःच उचलून गाडीत ठेवला. हमालाच्या हातात देववेना म्हणे. शुवाई वाटभर खिडकीबाहेर बघत बसली. बाळसुद्धा कोणी एवढं कवटाळून नेत नाही, तिच्या मनात आलं. पण बाळ निदान रडून सांगतं तरी, काहीतरी बिघडलंय म्हणून.

सरावात तीन गोळ्यांतच त्याचा खांदा काळानिळा पडला. चौथीला तो बार व्हायच्या आधीच डोळे मिटायला लागला. "पुरे, हात बसला," म्हणाला.

शिकारीच्या दिवशी सकाळी कोरड्या नदीच्या काठानं माग काढत ते निघाले. पुढं माग काढणारा केनियास, मग शुवाई, मग ब्रायटन. मोपाने झाडांच्या विरळ सावलीत एक म्हातारा नर उभा होता, अंगावर वाळलेला चिखल, शिंगांची टोकं झिजलेली. शुवाईनं रायफल टेकवायला काठ्यांची तिकटी रोवली.

"खांद्यावर. मागं नको," ती कुजबुजली.

ब्रायटननं डोळे मिटले. शुवाईनं ते बघितलं. तिनं हात पुढं केला, पण तोवर बार झाला होता. गोळी पोटात गेली. रेडा कमरेत वाकला आणि काटेरी जाळीत घुसला.

"लागली!" ब्रायटन ओरडला.

"लागली. नको तिथं लागली." तिला आता त्याच्याकडे बघवतही नव्हतं. "आता त्याला शोधून संपवणं आलं. तुम्ही माझ्या उजवीकडे राहा. गप्प राहा. सांगितल्याशिवाय बार नको."

थोडा वेळ थांबून ते जाळीत शिरले. रक्त कमी होतं, काळपट होतं. केनियास वाकून पानं उलटत होता, तेवढ्यात बाजूच्या झुडपातून रेडा आला. जखमी रेडे हूल देत नाहीत, सरळ येतात. केनियास मागं सरकताना मुळाला अडखळून पडला, तो ब्रायटनच्या पायांमागंच.

शुवाईनं गोळी घातली. रेडा गुडघ्यावर आला आणि उठला. ब्रायटनची गोळी झाडाच्या शेंड्यात गेली. बोल्ट मागं, बोल्ट अर्धाच पुढं, पुन्हा मागं, पुन्हा पुढं, आणि रायफल गच्च बसली. तो शिव्या देत बोल्ट उपटत राहिला. हा आता पळणार, शुवाईला खात्री होती. केनियासला तुडवून पळेल. पण तो हलला नाही. चालून येणाऱ्या रेड्याच्या आणि पडलेल्या केनियासच्या मधे तो टायरच्या ढिगासारखा उभा राहिला. शुवाईची दुसरी गोळी मानेत बसली, आणि रेडा ब्रायटनपासून हातभर अंतरावर कोसळला.

केनियासनं उठून त्याच्यासमोर दोन्ही तळवे जुळवून हळू टाळ्या वाजवल्या, मोठ्या माणसापुढं वाजवतात तशा. शुवाईनं इतकी वर्षं ज्याला कस्पटासमान मानलं, तो ऐन वेळी उभा राहिला होता. तिला ते आवडलं नाही, पण नाकारताही येईना.

"ब्रायटन," ती म्हणाली. जावईबापू म्हणाली नाही. "तुम्ही केनियाससाठी थांबलात."

ब्रायटनचे ओठ पांढरे पडले होते. त्यानं केनियासकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"खोटं कशाला बोलू ताई. मला केनियास दिसलाच नाही. पळायचंच होतं. पाय हलले नाहीत."

शुवाईला हसू फुटलं. बहिणीच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या आठवणीत त्याचं हे पहिलं खरं वाक्य होतं. एवढ्यासाठी तरी याला थोडं माफ करावं, असं तिला वाटू लागलं.

तोवर ब्रायटननं तोंड पुसलं, सदरा नीट केला आणि टोपीवरचा काटा काढला. रेड्याच्या शिंगावर पाय ठेवून त्यानं केनियासकडे फोन दिला.

"फोटो काढ. जरा खालून काढ, म्हणजे रेडा मोठा दिसेल. ताई, तुमची रायफल द्या बघू. माझीचा बोल्ट तिरका दिसतोय. जमलं तर फोटोच्या बाहेर उभ्या राहा."

शुवाईनं आपली रायफल खांद्याला अडकवली. पाचोळ्यात पडलेली सोन्याच्या सिंहाची रायफल उचलून तिनं नळी जमिनीकडे केली, काडतुसांची पेटी उघडून खालची काडतुसं काढून घेतली. एकात एक रुतून बसलेली दोन मात्र तशीच ठेवली.

"ही धरा, जावईबापू," ती म्हणाली. "तुमचीच आहे. आणि केनियास, बोल्ट नीट दिसू दे."