वारा सुटला की जेवायचं

आमच्या चिरेखाणीच्या काठावर काजूच्या झाडाला ट्रकचा एक तुटका पाटा टांगलेला आहे. रोज अकरा वाजता तो मी स्वतः ठोकतो. नवी पोरं हसतात, मुकादमाने शाळा उघडली म्हणतात. हसू देत. पाटा वाजल्यावर खाली खड्ड्यात कोणी टिकाव घेऊन उभा दिसला, तर त्याला मी दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाही. ह्या बाबतीत माझ्याशी वाद घालायचा नाही.

चौऱ्याऐंशीच्या मार्चपर्यंत ह्या खाणीवर घड्याळ नव्हतं, कोणाला लागतही नव्हतं. मिरजोळ्याच्या वरच्या अंगाला, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर आमची खाण. खाली नव्या कारखान्यांच्या शेडी उठत होत्या, त्यांना चिरा आमचा जायचा. उजाडता उजाडता माणसं खड्ड्यात उतरायची आणि समुद्रावरून वारा सुटला की वर यायची. तोंड धुवायचं, मडक्यातलं पाणी प्यायचं, भाकरी सोडायची. वारा सुटला की जेवायचं, एवढाच कायदा, माझ्या बापाच्या वेळेपासूनचा. मी काठावर एक बांबू रोवून त्याला लाल चिंधी बांधली होती. सकाळी ती समुद्राकडे फडफडायची. अकरा-साडेअकराला घाटाकडे वळली की मी आरोळी ठोकायचो, "सुटला वारा!" बारा वर्षांत मी एकदाही चुकलो नव्हतो, आणि हे मी लोकांना दर दोन दिवसांनी ऐकवत असे.

भागोजी आमच्याकडे नवा. देवरूखकडच्या एका वाडीतला, पण सगळं आयुष्य मुंबईत गिरणीत गेलेलं. संपात गिरणी सुटली तेव्हा बायकोला, काशीला, घेऊन इकडे आला आणि खाणीजवळच झाप घालून राहिला. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारलं, "मुकादम, हितं भोंगा कदी व्हतो?"

"आमचा भोंगा समुद्रात हाय," मी म्हटलं. "वारा आला की वाजतो."

हे त्याला फार आवडलं. दोन महिन्यांत आमचा कायदा आमच्यापेक्षा तोच जास्त पाळू लागला. बाकीचे चोरून मारून मधेच वर यायचे, तंबाखू मळायचे. भागोजी नाही. "भोंग्याआदी साचा सोडायचा नाय," म्हणायचा. साचा म्हणजे माग. मला त्याचं कौतुक वाटायचं आणि मी ते बाकीच्यांच्या तोंडावर करायचो.

शिमगा होऊन आठवडा झाला होता. तीन दिवस घाटाकडून कोरडा, भाजका वारा येत होता आणि समुद्राचा वारा उशीर करत होता. आधी बारा, मग साडेबारा, आदल्या दिवशी दीड. मी मनात म्हटलं, होतं एखाद्या साली. आता चार वर्षांनी सांगतो, ते एका सालापुरतं नव्हतं. पुढच्या मार्चातही तेच झालं, गेल्या मार्चातही. समुद्र तोच, घाट तोच, मग वाऱ्याला काय झालं, असं केरू अजून विचारतो. केरू आमचा सगळ्यात जुना माणूस. मला काय ठाऊक? त्या दिवशी तर मला काहीच ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

काशी नेहमीसारखी अकराला टोपली घेऊन आली. भाकरी, सुकट, ताकाचा तांब्या. काजूखाली बसली आणि चिंधीकडे बघू लागली. चिंधी समुद्राकडे ताठ. बारा झाले असतील तेव्हा ती उठली, काठापर्यंत गेली, परत आली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. मला तिचा राग येऊ लागला, कारण माझंही तेच चाललं होतं. मी बांबूभोवती फेऱ्या मारत होतो, पायाखालचा कातळ चपलेतून चटके देत होता. खड्डा दोन पुरुष खोल. चारही बाजूंच्या भिंती तापलेल्या, आत हवा हलत नव्हती. पाण्याचं मडकं वर माझ्याजवळ, सावलीत.

"मुकादम, आज लक्षण बरं नाय," केरूने खालून हाक दिली. "येव काय वर?"

"येतोच हाय आता," मी म्हटलं. वाऱ्याबद्दल म्हटलं. हे मी चार वेळा म्हटलं.

वारा नसताना माणसं वर बोलवायला मला कोणाची बंदी होती? कोणाचीच नाही. पण तसं केलं की बारा वर्षांची फुशारकी मातीत गेली असती. खरं सांगायचं तर एवढंच कारण होतं.

काशी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "दादा, सावली कुटं गेली बगा. ह्यांनी सकाळपासनं पानी घेतलेलं नाय."

"वारा सुटू दे."

"नाय सुटला तर?"

"आजवर असं झालेलं नाय," मी म्हटलं आणि तोंड फिरवलं.

ती सरळ काठावर गेली, दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि ओरडली, "सुटला वारा! या वर!"

खाली टिकाव पडल्याचे आवाज झाले. भागोजी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर आला होता, मी पाहिलं. आणि माझ्या डोक्यात सणक गेली. माझी आरोळी, माझ्या खाणीवर, एका बाईने द्यावी, तीही खोटी? मी ओरडलो, "थांबा! चिंधी बगा. खोटं बोलतेय ती."

सगळ्यांनी वर पाहिलं. चिंधी समुद्राकडेच होती. केरू तरीही शिडी चढून वर आला. "माजा सुटला वारा," म्हणाला आणि मडक्याला तोंड लावून बसला. त्याच्या मागोमाग दोघे-तिघे आले. भागोजी शिडीवरच उभा होता. चारचौघांत बायकोने आपल्यासाठी खोटं बोलावं, ह्याची लाज त्याच्या तोंडावर मला इतक्या लांबून दिसली. "तू घरला जा," तो काशीला म्हणाला आणि खाली उतरला.

ती गेली नाही.

अर्ध्या तासाने मी खाली डोकावलो. सकाळपासून घामाने निथळणारी त्याची पाठ आता कोरडी होती. मला बरं वाटलं. सरावला गडी, असं मी केरूला बोललोसुद्धा. घाम आटणं हेच ऊन लागल्याचं लक्षण, हे मला नंतर कळलं. हे मी कधी विसरणार नाही. मग तो चिरा वाकडा तासू लागला, मग थांबला आणि भिंतीकडे तोंड करून हाताने काहीतरी चाचपू लागला. "साचा थांबवा," तो म्हणत होता. "धागा तुटलाय, कोन थांबवतंय काय?"

आम्ही शिडीवरून अक्षरशः पडतच खाली गेलो. त्याचं अंग हाताला सोसवत नव्हतं. वर आणून काजूखाली ठेवला, मडकं त्याच्यावर पालथं केलं. काशी ताकाची धार त्याच्या ओठांवर सोडत होती, ते आत जात नव्हतं. ट्रक आणायला माणूस मिरजोळ्याकडे धावत सुटला. तो परत यायच्या आधीच भागोजीची छाती हलायची थांबली. हे सगळ्यांना दिसलं. काशीलाही दिसलं. ती त्याच्या तोंडावर पदराने वारा घालतच राहिली.

तीन वाजून गेले असतील. चिंधी लोंबली, जरा थरथरली आणि घाटाकडे वळली. खारा, गार वारा सड्यावरून आला. पलीकडच्या खाणीवर कोणीतरी आरोळी दिली, तिथे अजून काही माहीत नव्हतं.

काशीने पदर थांबवला. टोपलीवरचं फडकं सोडलं आणि त्याच्या कानाशी वाकली. "अवो, सुटला वारा. आता खोटं नाय बोलत." मग माझ्याकडे वर बघून म्हणाली, "माजं नाय आयकायचे ते. तुमी सांगा."

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "सुटला वारा, भागोजी."

"मोट्यानं," ती म्हणाली. "ते खाली असताना सांगता तसं."

मी उभा राहिलो आणि आरोळी दिली.